झोपेचा जमाखर्च



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने धर्म, समाज, शिक्षण आणि सेवा या विषयांवर विचारमंथन होणे स्वाभाविक आहे. आजच्या व्याख्यानाच्या विषयाला मात्र तेवढी प्रतिष्ठा लाभलेली नाही. तो प्रत्येकाच्या घरी रोज रात्री हजेरी लावतो आणि तरीही त्याची चौकशी कोणी करीत नाही. हा विषय म्हणजे निद्रा, आणि निद्रेच्या पोटात जन्म घेणारी स्वप्ने. साठ वर्षांच्या माणसाने आपल्या आयुष्यातील सुमारे वीस वर्षे झोपेत घालविलेली असतात. एवढी मोठी रक्कम ज्या खात्यात गेली, ते खाते एकदा तरी उघडून पाहणे हे हिशेबी समाजाचे कर्तव्य ठरते.

व्यापारी घरांत झोप नेहमी खर्चाच्या बाजूला मांडली जाते. पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत गादीवर बसणारा तो कर्तबगार आणि लवकर झोपणारा तो आळशी, असा संस्कार बालपणापासून होतो. त्यातच शास्त्रात निद्रेची गणना प्रमादात केलेली आहे. त्यामुळे धर्मनिष्ठ घरातील वडीलधाऱ्यांना आपण कमी झोपतो याचा एक प्रकारचा अभिमान वाटतो. हा अभिमान योग्य आहे काय? निद्रा ही खरोखर आयुष्याची गळती आहे, की ज्यावर दिवसाचा व्यवहार चालतो ते भांडवल आहे? विज्ञानाने गेल्या शतकात या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकला आहे.

चादरींचे गाव आणि रातपाळी

या प्रश्नाचा विचार करण्यास सोलापूरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळविणारी सोलापुरी चादर देशभर घरोघरी अंथरली आणि पांघरली जाते. लोकांच्या झोपेची सोय करणारे हे शहर स्वतः मात्र पिढ्यान्‌पिढ्या जागत आले आहे. १८७७ साली येथे जुनी गिरणी उभी राहिली आणि त्यानंतर शहराचा दिवस सूर्याने उगवण्याऐवजी गिरणीच्या भोंग्याने उगवू लागला. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या, पाळ्या आल्या आणि रातपाळीही आली. गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. परंतु पूर्व भागातील यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही ऐकू येतो.

रात्री काम करणे ही मानवाच्या इतिहासात तशी अलीकडची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचे तास सूर्यास्ताच्या पलीकडे गेले. पुढे १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. म्हणजे दिवा आधी आला आणि मर्यादा नंतर आली. कायद्याला ही मर्यादा का घालावी लागली आणि शरीर रात्रीच्या कामाला का कुरकुरते, याचे शास्त्रीय उत्तर मिळण्यास त्यानंतरही अनेक दशके जावी लागली.

ताणा आणि बाणा

माणसाला झोप का येते? स्वित्झर्लंडमधील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली या प्रश्नाचे जे उत्तर मांडले, ते आजही पायाभूत मानले जाते. सोलापूरकरांना ते समजावून देण्यास मागाची उपमा पुरेशी आहे. कापड जसे ताणा आणि बाणा अशा दोन धाग्यांनी विणले जाते, तशी झोपही दोन व्यवस्थांनी विणली जाते.

पहिली व्यवस्था थकव्याची आहे. जागेपणी मेंदूतील पेशी ऊर्जा वापरतात आणि त्या वापरातून ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते जितके साठेल तितके डोळे जड होतात. रात्रीच्या झोपेत हा साठा उतरतो आणि सकाळी माणूस ताजातवाना होतो. चहा-कॉफीतील कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा अडवून धरते, म्हणून तरतरी वाटते. परंतु साठा तेथेच असतो. तगादा करणाऱ्याला दुकानाच्या दारात थोपवून धरल्याने देणे फिटत नाही, तसाच हा प्रकार आहे. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कडक चहाचा बराचसा परिणाम रात्री अकरापर्यंत टिकतो तो यामुळेच.

दुसरी व्यवस्था घड्याळाची आहे. दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात, त्याच्या वरच्या बाजूस सुमारे वीस हजार पेशींचा एक सूक्ष्म पुंजका असतो. तेच शरीराचे मुख्य घड्याळ होय. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण सुमारे दोन महिने भूगर्भातील गुहेत घड्याळाविना एकटा राहिला. बाहेर आला तेव्हा दिवसांचा त्याचा हिशेब जवळजवळ महिनाभर मागे पडलेला होता; तरीही त्याचे झोपणे-उठणे मात्र चोवीस तासांच्या आसपासच्या चक्रानेच चालू होते. मन दिवस मोजण्यात चुकले तरी शरीराने आपला ताल सोडला नव्हता. पेशींमधील हे घड्याळ जनुकांच्या साहाय्याने कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ रोज लावावे लागते आणि ते लावणारा हात प्रकाशाचा असतो. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की घड्याळ जुळते. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीर रात्रीची तयारी करते. उशिरापर्यंत दूरदर्शनच्या वा मोबाईलच्या प्रकाशात बसणाऱ्याचे घड्याळ मागे पडते. रातपाळीच्या कामगाराची अडचणही हीच आहे. थकव्याचा धागा त्याला सकाळी झोप म्हणतो आणि घड्याळाचा धागा ऊठ म्हणतो. एक धागा ताणलेला आणि दुसरा सैल असलेले कापड जसे नीट उतरत नाही, तशी त्याची दिवसाची झोप अपुरी आणि तुटक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रातपाळीच्या कामाची नोंद कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली आणि २०१९ साली फेरविचारानंतरही ती कायम ठेवली. यंत्रमागधारकांनी आणि कारखानदारांनी ही नोंद अवश्य ध्यानात घ्यावी.

दुकान बंद, आत कामकाज चालू

झोपेत मेंदू बंद पडतो अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची नोंद करण्याची रीत शोधली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. त्यानंतर झोपलेल्या माणसाच्या मेंदूचा आलेख पाहता येऊ लागला आणि ही समजूत खोटी ठरली. रात्री दुकानाचे दार लोटलेले असते, पण आत दिवाणजी रोजमेळावरून खतावणी करीत बसलेले असतात. झोपेचे चित्र तसेच आहे.

रात्रभरात झोपेची चार ते पाच आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तन सुमारे नव्वद मिनिटांचे असते. प्रारंभी हलकी झोप, मग संथ व उंच लहरींची गाढ झोप आणि त्यानंतर एक वेगळीच अवस्था येते. शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली ही अवस्था जगापुढे मांडली. या वेळी मिटलेल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलत असतात आणि मेंदूचा आलेख जागेपणासारखा दिसतो. हिला जलद नेत्रचलनाची निद्रा म्हणतात. पूर्वरात्री गाढ झोप अधिक असते आणि पहाटेकडे नेत्रचलनाची निद्रा वाढत जाते. म्हणून पहाटेची दोन तासांची झोप तोडणारा मनुष्य झोपेचा केवळ चौथा हिस्सा गमावतो असे नाही. या विशिष्ट निद्रेचा फार मोठा वाटा तो गमावतो.

या कामकाजातून काय साधते? गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक अधिक स्रवते आणि शरीराची डागडुजी होते. दुसरे काम स्मृतीचे. १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना असे आढळले की, दिवसा फिरताना उंदराच्या मेंदूतील ज्या पेशी एकत्र चमकतात, त्याच झोपेत पुन्हा एकत्र चमकतात. दिवसाचा रोजमेळ रात्री खतावणीत उतरतो तो असा. दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री जागविणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे, कारण वाचलेले पक्के होण्याची वेळच ते हिरावून घेतात. तिसरे काम साफसफाईचे सांगितले जाते. २०१३ साली मायकेन नेडरगार्ड यांच्या चमूने उंदरांवरील प्रयोगांतून असे मांडले की, झोपेत मेंदूतील पेशींमधली पोकळी वाढते आणि टाकाऊ द्रव्ये वाहून जातात. २०२४ साली दुसऱ्या संशोधकांना याच्या उलट निष्कर्ष मिळाले. तेव्हा या मुद्द्यावर अखेरचा निकाल अजून लागलेला नाही, असे म्हणणेच प्रामाणिकपणाचे होईल.

निसर्गानेही झोपेच्या आवश्यकतेची साक्ष दिली आहे. झोपलेला प्राणी शत्रूच्या तावडीत सहज सापडतो. झोप निरुपयोगी असती तर ती केव्हाच नाहीशी झाली असती. पण डॉल्फिन पाण्यात पोहता पोहता अर्ध्या मेंदूने झोपतो आणि अर्ध्याने जागा राहतो. ज्याला मेंदूच नाही अशा एका जातीच्या जेलीफिशमध्येही झोपेसारखी अवस्था असल्याचे २०१७ साली दिसून आले. एवढा धोका पत्करूनही जीवसृष्टीने झोप सोडलेली नाही.

स्वप्नांचे विणकाम

ठसठशीत, कथेसारखी स्वप्ने बहुधा नेत्रचलनाच्या निद्रेत पडतात. इतर अवस्थांतही पडतात, पण ती फिकट असतात. या निद्रेत भावनांशी निगडित असलेले मेंदूचे भाग जोरात चालतात आणि तारतम्य सांभाळणारा कपाळामागचा भाग मंदावतो. म्हणूनच स्वप्नात दिवंगत आजोबा दुकानात बसलेले दिसतात आणि पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही. याच वेळी मेंदू हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवतो, त्यामुळे स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातच राहतो. फ्रान्समधील मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतील ही शिथिल करणारी व्यवस्था तोडली, तेव्हा ती झोपेतच शिकार करू लागली. उतारवयात कोणी स्वप्नात लाथा झाडू लागला, ओरडू लागला, तर घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. कंपवातासारख्या विकाराची ती काही वेळा पूर्वसूचना असते. मज्जाविकार तज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

स्वप्ने का पडतात, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी स्वप्नांत दडपलेल्या इच्छा पाहिल्या. १९७७ साली ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे मत मांडले. मेंदूच्या तळातून उठणाऱ्या संदेशांना वरचा मेंदू कसाबसा अर्थ लावतो आणि तेच स्वप्न होय, असे ते म्हणाले. आज अनेक संशोधकांना वाटते की, आठवणींची लावालाव आणि भावनांचा निचरा यांच्याशी स्वप्नांचा संबंध असावा. दिवसभरात उरलेल्या चिंध्यांची गोधडी रात्री शिवली जाते, एवढे म्हणता येईल.

तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या शुभस्वप्नांची कथा प्रत्येक घरात सांगितली जाते. दिगंबर परंपरेत ती सोळा आहेत, श्वेतांबर परंपरेत चौदा. प्रयोगशाळेतील आलेख या श्रद्धेविषयी काहीही सांगत नाहीत आणि सांगण्याचा त्यांचा अधिकारही नाही. मात्र सामान्य माणसाने आपल्या रोजच्या स्वप्नावरून सौदा करावा, विवाह मोडावा वा आकड्यावर पैसे लावावेत, याला विज्ञानाचा कोणताही आधार नाही.

झोपेची उधारी

झोप उधार ठेवली तर काय होते? अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकावा असा आहे. निरोगी माणसांना सलग १४ दिवस रात्री फक्त सहा तास झोपू दिले. दिवसेंदिवस त्यांची एकाग्रता घसरत गेली आणि शेवटी रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी झाली. याहून चिंतेची गोष्ट ही की, आपण एवढे घसरलो आहोत हे त्यांना स्वतःला फारसे जाणवले नाही. कर्ज वाढत होते आणि वहीत त्याची नोंद नव्हती. “मला पाच तास पुरतात” असे सांगणाऱ्यांपैकी खरोखरच ज्यांना तेवढी पुरते असे थोडेच असतात. उरलेल्यांना आपली तूट दिसत नाही, इतकेच.

ही तूट रस्त्यावर प्राणघातक ठरते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधानता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घटते, असे १९९७ सालच्या प्रयोगात आढळले. भारतीय कायद्यात वाहनचालकासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून दिवसभर दुकान सांभाळावे आणि रात्री दहाला खरेदीसाठी पुण्या-मुंबईकडे गाडी काढावी, ही रीत अनेक घरांत आहे. आयुष्यात मद्याच्या थेंबाला न शिवलेला श्रावक त्या वेळी मद्यपी चालकाहून अधिक सुरक्षित असतोच असे नाही. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला गेलेले असतात. ज्या घराने महामार्गावर माणूस गमावला आहे, त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

या संदर्भात सोलापूरच्याच एका सुपुत्राचे स्मरण होते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात झाला. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनच्या मदतीस गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. १९४० च्या एका दीर्घ लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि त्या काळात सलग ७२ तासांपर्यंत न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. या मृत्यूचे खापर केवळ जागरणावर फोडणे बरोबर होणार नाही. अतिश्रम, थंडी, रणभूमीवरील हालअपेष्टा हे सारे त्यात होते. परंतु ज्याला अपस्माराचा विकार आहे, त्याला जागरणाने झटका येऊ शकतो, ही गोष्ट आज वैद्यकशास्त्रात निर्विवाद आहे. जखमींच्या प्राणांसाठी त्यांनी आपल्या झोपेचे मोल मोजले. सोलापुरातील त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. तेथे जाणाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे की, आपले जागरण कोणत्या कारणासाठी खर्ची पडते? रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कन्येचे जागरण आणि मोबाईलवर चित्रफिती पाहणाऱ्याचे जागरण यांची किंमत शरीराला सारखीच पडते. मोबदला मात्र सारखा नसतो.

शास्त्राची सूक्ष्म दृष्टी

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. निद्रा प्रमाद आहे, तर तिचे समर्थन कसे करावे? येथे शास्त्रातील विवेचन बारकाईने पाहणे आवश्यक आहे. दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांत पाच भेद निद्रेचे सांगितले आहेत: निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. प्राचीन आचार्यांनी झोप ही एकजिनसी वस्तू मानली नाही, तिच्या पायऱ्या पाडल्या, ही गोष्टच विलक्षण आहे. साधी निद्रा, उठविणे कठीण अशी दाट निद्रा, बसल्या जागी येणारी डुलकी आणि झोपेतच उठून उग्र कृत्य घडविणारी स्त्यानगृद्धी असा हा क्रम आहे. गाढ झोपेत उठून चालणाऱ्या रुग्णांचे आजचे वर्णन वाचताना स्त्यानगृद्धीची आठवण व्हावी, इतके साम्य त्यात आहे. अर्थात एकाचा विषय आत्म्यावरील आवरण आहे आणि दुसऱ्याचा मेंदू. दोन्ही एकच आहेत असे म्हणण्याची घाई करू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत आहे. शीण आणि थकवा दूर करण्यासाठी घेतली जाणारी झोप, असा निद्रेचा अर्थ तेथे दिलेला आहे. म्हणजे निद्रेचे कर्मजन्य स्वरूप सांगताना तिचे प्रयोजनही आचार्यांनी नजरेआड केले नाही. शिवाय निद्रा आणि प्रचला या प्रकृतींचा समूळ क्षय बाराव्या, क्षीणमोह गुणस्थानात सांगितला आहे. त्याच्या कितीतरी खालच्या पायरीवर असलेल्या गृहस्थाने झोप जिंकल्याचा आव आणणे, हे शास्त्राच्याच क्रमाला सोडून आहे. मुनींची अल्पनिद्रा ही त्यांच्या अल्प आहाराशी, निश्चित दिनचर्येशी आणि शांत चित्ताशी जोडलेली साधना आहे. दिवसभर देण्याघेण्याची चिंता वाहणाऱ्या श्रावकाने त्यांतील केवळ जागरण उचलावे आणि बाकीचे सोडून द्यावे, याला तप म्हणता येत नाही.

प्रमादाचा खरा अर्थ असावधपणा. चालताना जीव पाहून पाऊल टाकावे, वस्तू उचलता-ठेवताना पाहावे, बोलताना तोलावे, ही सावधगिरी झोप अपुरी असलेल्या माणसाकडून राहत नाही. त्याचे चित्त चिडचिडे होते, जीभ सुटते आणि प्रवचनाला बसल्यावर प्रचला येते. आवश्यक तेवढी झोप घेणारा माणूस जागेपणी अधिक अप्रमत्त राहू शकतो. गरजेपलीकडे लोळत पडणे हा प्रमाद होय, यात शंका नाही. परंतु गरजेची झोप तोडणे हीदेखील प्रमादाला दिलेली हुंडीच आहे आणि ती दुसऱ्या दिवशी वटतेच.

घरात आचरावे असे काही

प्रौढाला सात ते नऊ तास, पासष्टीच्या पुढे सात ते आठ तास, चौदा ते सतरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास आणि त्याहून लहान शाळकरी मुलांना नऊ ते अकरा तास झोप असावी, असे तज्ज्ञ सांगतात. उतारवयात गाढ झोप कमी होते आणि घड्याळ पुढे सरकते. संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे जाग येते. हा वयाचा धर्म आहे, एवढ्याने घाबरून झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. सकाळी मंदिरात पायी जाणाऱ्याला ऊन आणि चालणे दोन्ही मिळतात आणि घड्याळ आपोआप जुळते. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियम ज्या घरांत पाळला जातो, त्यांना आणखी एक लाभ आहे. रात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता उणावलेली असते आणि भरल्या पोटी झोप नीट लागत नाही. अहिंसेसाठी सांगितलेला नियम त्या हेतूनेच पाळावा. आरोग्याचा लाभ हा त्यावरचा वरकड नफा समजावा. दुपारच्या जेवणानंतर वीस-तीस मिनिटांची वामकुक्षी चालेल. तासन्‌तासांची झोप रात्रीच्या थकव्याची पुंजी आधीच खर्च करून टाकते.

झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात जुनी मंडळी माळवदावर वा गच्चीवर झोपत असत, त्यामागे हेच कारण आहे. शरीरातील उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते आणि पाय उबदार असले की झोप लवकर लागते, असे प्रयोगांत दिसले आहे. निजण्यापूर्वी काशाच्या वाटीने तळपाय चोळण्याचा जुना रिवाज येथे सहज आठवतो.

शेवटची सूचना घोरण्याविषयी. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून उठणे आणि दिवसा गादीवर बसल्या बसल्या पेंगणे, ही गाढ झोपेची लक्षणे नव्हेत. झोपेत श्वासमार्ग वारंवार बंद पडण्याचा हा विकार असू शकतो. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी दाबाची हवा देणारे साधन यासाठी शोधले आणि आज त्यावर चांगले उपचार उपलब्ध आहेत. ज्याचे घोरणे त्याला ऐकू येत नाही. म्हणून ही चौकशी करण्याचे काम घरच्या माणसांनी करावयाचे आहे.

बंधु-भगिनींनो, वर्षाअखेरीस प्रत्येक पेढीवर जमाखर्च पाहिला जातो. त्यात घसारा नोंदविला जातो, येणे-देणे तपासले जाते, यंत्राला तेलपाणी आणि विश्रांती दिली जाते. माग अखंड चालविला तर धागा तुटतो आणि कापडात दोष येतो, हे सोलापूरला वेगळे सांगावे लागत नाही. मग ज्या देहाच्या आधारे धर्मसाधना, दान आणि सेवा घडते, त्याचे हे एक खाते कोरे का राहावे? आज रात्री दिवा मालविताना घरातील वृद्ध नीट झोपतात काय, मुले केव्हा निजतात, रात्री कोण गाडी चालविणार आहे, रातपाळीचा कामगार दिवसा कोठे झोपतो, एवढी चौकशी जरी प्रत्येक घरी झाली, तरी या व्याख्यानाचे सार्थक होईल.

जयजिनेंद्र.